भिकनचा ताप

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी, की ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही. दोनतीनदा सांगायला बसलो होतो. दरवेळी पावसापाण्याचं बोलून उठलो.

सुरुवात भिकनपासून करतो. माझ्यापासून केली तर मी पुन्हा कुठेतरी आडवळणाला जाईन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

सुरतेत पर्वत पाटिया भागाच्या मागे आमची वस्ती होती. सगळी खानदेशातली माणसं, सगळी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. भिकन आमच्या समोरच्या खोलीत राहायचा. वडील लहानपणीच गेलेले, घरात तो आणि त्याची आई. तिला सगळी वस्ती जिजी म्हणायची. जिजी साड्यांच्या घड्या घालायची, हजार घड्यांमागे काय मिळायचं ते न विचारलेलं बरं. पोरगा मात्र वाढला. सहा फुटांना दोन बोटं कमी. वस्तीत तसा उंच दुसरा कोणी नव्हता, दिव्याचा खांब सोडला तर.

त्याच खांबाला आम्ही सायकलच्या चाकाची रिंग बांधून दिली होती. पहाटे पाचला भिकन तिथे बॉल टाकत असायचा. मग कॉलेज. दुपारी बारापासून रात्री आठपर्यंत लूमची पाळी. आणि आठनंतर पुन्हा ती रिंग. सगळी वस्ती त्या धपधप आवाजाने उठायची आणि त्याच आवाजाने झोपायची. कोणी तक्रार केली नाही. एखाद्या पहाटे आवाज आला नाही तर उलट बायका विचारायच्या, पोरगा बरा आहे ना?

मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. तो मला भाऊ म्हणायचा. कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये त्याची निवड झाली आणि गुजराती पेपरात त्याचं नाव येऊ लागलं, तेव्हापासून मी त्याचा बिनपगारी भालदार-चोपदार झालो. वस्तीतल्या मोठ्या माणसांना गुजराती वाचता येत नव्हतं. मी रात्रशाळेत शिकलो होतो. पेपर हातात घेऊन ओट्यावर बसायचं, आणि भोवती पंधरा-वीस माणसं. चार ओळींची बातमी मी अर्धा तास वाचायचो. पेपरात नसलेल्या टाळ्यासुद्धा वाचायचो. "सुरतेची शान," असं छापलंय म्हणून मी सांगितलं होतं, तसं छापलेलं नव्हतं. जिजी डोळ्यांना पदर लावायची. खोटं वाचण्याची सवय मला तिथे लागली, हे लक्षात ठेवा.

दुधाचं ठरलं तेही त्याच ओट्यावर. खेळणाऱ्या पोराला दूध लागतं, जिजीला ते कुठून परवडणार? मग अकरा घरांनी बाऱ्या लावून घेतल्या. रोज एका घरातून पेलाभर दूध. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तशी त्या प्रत्येक स्टीलच्या पेल्यावर नावं होती. भिकन दूध प्यायचा, पेला स्वतः विसळायचा आणि दारात नेऊन द्यायचा. आमच्या पेल्यावर माझ्या वडिलांचं नाव होतं.

युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड जवळ आली होती. कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या सरांनी त्याला सांगितलं होतं, त्या टीममध्ये गेलास की रेल्वेवाले खेळाडू म्हणून नोकरीला घेतात. रेल्वेची नोकरी — तुम्हाला कळतंय ना ते आमच्या वस्तीत काय होतं? जिजीच्या घड्या सुटणार होत्या. आमच्यातला एक जण धोट्याच्या आवाजातून बाहेर पडणार होता.

आणि त्याच महिन्यात सुरतेत प्लेग आला.

चौऱ्याण्णव सालचं ते सगळं तुम्ही ऐकलं असेल. कतारगामकडे माणसं मेली म्हणे, अशी बातमी आली आणि दुसऱ्या दिवसापासून शहर ओसरायला लागलं. कारखाने बंद. तोंडाला रुमाल. औषधाच्या दुकानांत गोळी मिळेना. जिजी पितृपक्षासाठी आधीच गावी गेली होती. आमच्या ओळखीचे दगडूभाऊ कापडाचा ट्रक चालवायचे, ते म्हणाले, सकाळी गावाकडे निघतो, जेवढे बसतील तेवढे बसा.

त्या सकाळी मी उठलो तो ताप भरून. मी बायकोला, लताला, सांगितलं नाही. मुलगी सहा महिन्यांची होती, लता तिला पाजत होती. पण गादीची वळकटी मला उचलवेना आणि भिकन ती घ्यायला आला. त्याचा हात माझ्या हाताला लागला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. कॉलेजातून त्याला चार कॅप्सूल मिळाल्या होत्या, त्यातल्या दोन त्याने माझ्या खिशात घातल्या. मग माझी वळकटी, माझी ट्रंक, त्याची निळी पिशवी, सगळं खांद्यावर घेऊन तो ट्रकपर्यंत धावला. घामाने निथळत होता. आणि खोकत होता — पण लूमवर कोण खोकत नाही? आमच्याकडे खोकला म्हणजे हजेरी. त्या दिवसापर्यंत खोकल्याला कोणी विचारत नव्हतं.

तान्ही मुलं असलेल्या बायका पुढे केबिनमध्ये बसल्या. लताही तिथेच. मागे आम्ही तीसेक माणसं, एकमेकांना चिकटून. माझ्या एका बाजूला शेजारची कमलकाकू, दुसऱ्या बाजूला भिकन.

सुरतेबाहेर कडोदऱ्याला ट्रक थांबला. समोरून येणाऱ्या कोणीतरी सांगितलं, पुढे महाराष्ट्राच्या हद्दीवर एकेकाला तपासतात, एकाला जरी ताप निघाला तरी सगळी गाडी परत पाठवतात. खरं-खोटं देव जाणे. दगडूभाऊ मागे आले आणि खालूनच ओरडले, "कोनाले ताप व्हई त्यानी आठेच उतरी जा. पोरंबाळं शेतस गाडीमा."

ताप असेल त्याने इथेच उतरायचं. मग कमलकाकू अंग चोरत म्हणाली, "आठे कोनं तरी आंग तपेल शे."

कोणाचं तरी अंग तिला गरम लागत होतं, आणि ती आमच्याच बाजूला बघत होती. माझ्याकडे आणि भिकनकडे.

आता सांगतो. इतका वेळ दूध आणि पेपर सांगत बसलो, ते याच्यासाठी की इथे येऊ नये.

मी म्हणालो, "भिकनचं."

एवढंच. एक शब्द. माझ्या तोंडावर रुमाल होता, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला. तो खोकत होता, घामेजलेला होता, लोकांना पटायला आणखी काय हवं होतं? कोणीही त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला नाही. लावला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं. पण हात लावायचीच तर भीती होती. मी ते ओळखून होतो का, असं मला कोणी विचारलं तर — हो. त्या क्षणीसुद्धा मला ते बरोबर ठाऊक होतं.

भिकनने माझ्याकडे पाहिलं. त्याने माझं मनगट धरून वर केलं असतं तरी पुरे होतं. बराच वेळ पाहिलं त्याने. मग म्हणाला, "हा, माले ताप शे. मी उतरस." आणि फळीवरून खाली उडी मारली. त्याची पिशवी कोणीतरी पायाने लोटून दिली. ट्रक निघाला तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याच्यापासून चार हात लांब माणसांचं कोंडाळं जमायला लागलं होतं.

तो का उतरला? केबिनमध्ये लता होती, तिच्या मांडीवर आमची मुलगी होती, ते त्याच्या मनात आलं असेल. त्याच्या मनात. माझ्या मनात त्या घडीला ना बायको होती ना पोर. मी फक्त माझा जीव धरून बसलो होतो. पुढे वस्तीत लोक माझी पाठ थोपटायचे, तू मन घट्ट केलंस म्हणून गाडी वाचली. मी मान खाली घालायचो आणि त्यांना तो माझा मोठेपणा वाटायचा.

हद्दीवर कोणी कोणाला तपासलं नाही. आजारी आहे का कोणी, असं खालून विचारलं, आम्ही नाही म्हणालो, हातावर गोळ्या ठेवल्या आणि जा म्हणाले. माझा ताप साधा हिवताप निघाला. चौथ्या दिवशी मी भाकरी खात होतो.

भिकनला कडोदऱ्याच्या लोकांनी दवाखान्याच्या गाडीत घालून सुरतेला पाठवलं. तिथे त्याला बाकीच्या रोग्यांबरोबर ठेवलं. आठवड्याने सोडलं. त्याला काहीच झालेलं नव्हतं. पण त्या वॉर्डात राहून आलेल्या माणसाला काही झालेलं नव्हतं, हे कोण मानणार?

सगळे परत आले, कारखाने सुरू झाले. एकदा मी त्याचा सराव पाहायला गेलो. पूर्वीसारखाच. कुंपणाशी उभा राहिलो. भिकनने पास दिला. समोरच्या पोराने हात मागे घेतले. बॉल घरंगळत गेला. त्याने दुसऱ्याला दिला, तोही बाजूला झाला. तिसरा पास कुंपणाकडे आला आणि माझ्या पायाशी थांबला. भिकन बघत होता. सगळेच बघत होते. मला तर ठाऊक होतं ना सगळं? मग तो बॉल मी का उचलला नाही? भिकन स्वतः आला, वाकला, बॉल घेतला आणि गेला. निवडीला त्याच्याशिवाय अकरा जण गेले.

दुधाच्या बाऱ्या कोणी बंद केल्या नाहीत, आमची माणसं तशी वाईट नव्हती. फक्त पेला परत घेईनात. राहू दे तुझ्याकडेच, म्हणायचे. एकेक करत अकरा पेले जिजीच्या फळीवर जमले आणि मग दूध आपोआप थांबलं. आमचा पेलाही त्यात होता. तो परत घ्यायला मी लताला पाठवलं नाही आणि स्वतःही गेलो नाही.

वर्षभरात भिकनने कॉलेज सोडलं आणि सिल्वासाकडे कुठल्याशा कारखान्यात लागला. पहाटेचा आवाज बंद झाला. तो दिवाळीला यायचा, मला भेटला की "काय भाऊ" म्हणायचा आणि पुढे जायचा. त्याने एका शब्दाने कधी काही काढलं नाही. आजही काढत नाही. त्याने मला चारचौघांत धुतला असता तर मी सुटलो असतो. ते सुख त्याने मला दिलं नाही.

इथे संपलं असतं तर मी कदाचित तुमच्याशी बोललोही नसतो. भीती वाटली, तोंडातून निघून गेलं, असं मनाला समजावता आलं असतं. पण पुढचं राहिलंय.

तो सिल्वासाला गेल्यावर काही महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, जिजीने मला हाक मारली. मला पाणी दिलं, आमच्याच पेल्यात. मग पत्र्याच्या डब्यातून एक घडीचा कागद काढला. भिकनच्या कपड्यांत सापडला होता. दवाखान्याचा, गुजरातीत. तिने दोघातिघांना दाखवला होता, पण त्या वॉर्डाचा कागद कोणी हातात घेईना. मग तिला मी आठवलो. पेपर वाचणारा.

"वाच रे भाऊ," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्याले खरंच ताप व्हता का? त्याले इचारं ते तो काही सांगस नही."

मी कागद उघडला. चारच ओळी होत्या. दाखल करताना ताप नाही. नंतरही ताप नाही. रोगाची लक्षणं नाहीत. खाली सही.

जिजी माझ्या तोंडाकडे बघत होती, ओट्यावर बसून बातमी ऐकायची तशीच. तिला बाकी काही नको होतं. तो कागद वस्तीत फिरवला असता तर अकरा दारांत तिला मान वर करून जाता आलं असतं. पण मग कोणीतरी विचारलं असतंच — ट्रकमध्ये ताप होता तो कोणाचा?

मी कागदावरून बोट फिरवत, एकेक ओळ वाचल्यासारखं करत म्हणालो, "व्हता जिजी. भलता व्हता."

तिने मान हलवली. कागद माझ्याकडून घेतला, होत्या त्याच घड्यांवर नीट दुमडला आणि डब्यात ठेवला. म्हणाली, मग लोकांचं तरी काय चुकलं. ती वारली तेव्हाही तिला तेच माहीत होतं.