सात माणसं बसवून

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना मी दोनदा 'हो' म्हणाले. दोन्ही वेळा ते खोटं होतं. तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. एवढी वर्षं झाली, तरी त्यातला दुसरा 'हो' आठवला की मान आपोआप खाली जाते.

आम्ही ब्रह्मपुरीला राहायचो. वडिलांकडे एक जुनी पांढरी कार होती. एरवी दवाखान्याच्या नाहीतर कोर्टाच्या कामाला जाणारी माणसं त्या गाडीने जात. लग्नसराईत तीच नवरदेवाची गाडी व्हायची. कधीमधी बाबा मला कॉलेजला सोडत. फाटकाच्या अलीकडे, रसवंतीच्या वळणावर मी म्हणायचे, "इथीच उतरते बाबा, मैत्रीण येऊन राह्यली." मैत्रीण कोणी येत नसायची. वर्गातल्या मुली त्या गाडीला डब्बा म्हणत, आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचे.

ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या क्वार्टरमधल्या एका साहेबांनी हौसेने घेतलेली अलॉयची चार चाकं काढून ठेवली होती. बाबा भाडं घेऊन तिकडे गेले आणि ती चाकं डिकीत टाकून आले.

"साहेब म्हनत, लावून पाहा. बसली त ठेवा, नाई त वापस आना. माय, तू सायन्सची. तूच सांग, आपल्या गाडीले बसतात का?"

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. चाक माझ्यासमोर ठेवून बाबा हात बांधून बाजूला उभे राहिले. असे ते फक्त डॉक्टरसमोर उभे राहायचे.

मी मोजलं. जुन्या चाकावर वर्तमानपत्र ठेवून बोल्टच्या चारही भोकांच्या कडा बोटाने दाबून उमटवल्या, कागदाला भोकं पाडली आणि तोच कागद नव्या चाकावर ठेवला. तंतोतंत जुळला. मधलं मोठं भोकही जुळलं. मग दोन्ही चाकं पालथी घालून त्यांवर आडवी पट्टी ठेवली आणि जिथे चाक गाडीला टेकतं ती जागा किती खोल आहे ते पाहिलं. नव्या चाकाची खोली कमी होती. म्हणजे चाक तेवढंच बाहेर सरकणार होतं. तरी टायर आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये दोन बोटं जागा उरत होती. प्रयोगवहीच्या मागच्या पानावर मी आकृती काढली, आकडेमोड केली आणि शेवटी लिहिलं, 'निष्कर्ष: चाके बसतात.' त्याखाली दक्षता लिहायची असते. ती लिहिली नाही.

शुक्रवारी बाबांनी गाडी चाचांच्या गॅरेजवर लावली, मला तिथे थांबवलं आणि कामाला गेले. चाचा हे म्हातारे मिस्त्री, बाबांच्या ड्रायव्हरकीच्या पहिल्या दिवसापासूनचे. त्यांनी आमचेच टायर नव्या चाकांवर चढवले, चारही चाकं कसली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मी वही दाखवली. त्यांनी ती आदराने हातात घेतली, चष्म्याशिवाय पाहिली आणि परत दिली.

"हिसाब बराबर असन बेटी. पन रिकाम्या गाडीले काय पाह्यतं? मागच्या स्प्रिंगा जुन्या झाल्या, वजन पडलं का बसते गाडी. मी नमाजले जाऊन येतो. तवरीक टपरीवरचे सात मानसं बसव, एक चक्कर मार म्हन तिथच्या रिक्षावाल्याले, त्याले येते गाडी. मग समजते, घासते का नाई."

चाचा गेले. समोरच्या चहाच्या टपरीवर दहाबारा माणसं होती. मी गाडीजवळ उभी राहिले. मुलीच्या जातीने अनोळखी माणसांना कसं बोलवायचं, असं मी नंतर स्वतःला बरेचदा सांगितलं. पण ते खरं कारण नव्हतं. टपरीवाले काका मला लहानपणापासून ओळखत होते. खरं कारण हे की उन्हात ती चाकं फार सुंदर दिसत होती. घासली असती तर परत गेली असती, आणि सोमवारी मला कॉलेजच्या फाटकापर्यंत गाडीने जायचं होतं.

चाचा परत आले. "पाह्यलं का?"

"हो."

रविवारी आमच्याच मोहल्ल्यातल्या मुलाचं लग्न आरमोरीकडे होतं. गाडीत नवरदेव, त्याचे मामा, आत्या, दोन करवल्या, एक लेकरू, दाटीवाटीने मी आणि चालवायला बाबा. निघताना आत्याबाई म्हणाल्या, "भाऊ, गाडी त नवरीपेक्षा सजली!" बाबा हसले, आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला मागून खर्र आवाज यायला लागला. मग जळक्या रबराचा वास. बाबांनी गाडी थांबवली. मडगार्डच्या कडेने टायर कापत नेला होता, आतले धागे दिसत होते.

"वा भाऊ!" मामा म्हणाले. "चाकं चकाचक, अन् नवरदेव पायी!"

"मुहूर्त टळला त तुमच्या चाकाले हळद लावाव का?" आत्याबाई म्हणाल्या.

"चूक माही हाये. मी पाहाले पाह्यजे होतं," बाबा म्हणाले. ते हेच वाक्य प्रत्येकाला वेगळं वेगळं सांगत होते. मागून वऱ्हाडाची जीप आली. त्यात फेटा मांडीवर घेऊन नवरदेव बसला, बाकीचेही कसेबसे मावले आणि जीप गेली.

स्टेपनीला जुनंच चाक होतं. ते लावून आम्ही दोघं रिकाम्या गाडीत परत निघालो. आवाज नाही, वास नाही. बाबा म्हणाले, "खाली गाडी घासत नाई. भरली का घासते. चाचा सांगत होते, तू त मानसं बसवून पाह्यलं होतं ना, माय?"

तेव्हा सांगता आलं असतं. गाडीत तिसरं कोणी नव्हतं.

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाचांकडे गेलो. बाबा चाचांना म्हणाले, "पोरीनं बसवून पाह्यलं होतं चाचा. काऊन घासलं असन मग?"

चाचा काही बोलायच्या आत टपरीवाले काका चहाचे ग्लास घेऊन आले. त्यांच्या मनात काही नव्हतं. "शुक्रवारी? कोनाले बसवलं? पोरगी त घंटाभर एकटीच उभी होती. मी म्हटलं चहा घे, त नाई म्हने."

चाचांनी खाली पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ग्लास हातात तसाच धरून ते चाकाकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो बॉनेटवर ठेवला आणि टपरीकडे वळून हाक मारली, "या बरं भाऊ, पाचसहा जन. दोन मिनिटं बसा गाडीत."

माणसं हसत, एकमेकांना ढकलत आली. चाचांनी दुसऱ्या बाजूच्या, अजून शाबूत असलेल्या मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर खडू घासला, टेकला तर मडगार्डला उमटावा म्हणून. एक जागा उरली. बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "बस माय."

मी बसले. कॉलेज सुटायची वेळ होती आणि रस्ता समोरच होता. बाबांनी रिक्षावाल्याला चालवायला सांगितलं. गाडी गॅरेजसमोरच्या खड्ड्यातून एकदा पुढे गेली, एकदा मागे आली. बाबा चाकाजवळ उकिडवे बसले, मडगार्डच्या आतून बोट फिरवलं आणि उठून माझ्या खिडकीशी आले.

ते रागावले नाहीत. फक्त बोट माझ्यासमोर धरलं. ते पांढरं झालं होतं.