मुठीचा डबा

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रत्येक घरी चुलीजवळ एक डबा असतो. घरच्यांसाठी तांदूळ काढून झाले की त्यातलीच एक मूठ उचलून या डब्यात टाकायची. वेगळी, जास्तीची मूठ चालत नाही. ती घरच्यांच्याच वाटणीतून गेली पाहिजे, असं आमच्या आयांनी शिकवलं. रविवारी उपासनेला येताना डबे आणून चर्चमागच्या कोठीत रिकामे करायचे आणि त्या धान्याची खिचडी रोज दुपारी वणीच्या सरकारी दवाखान्यात न्यायची. पेशंटला ताट मिळतं. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला कोण विचारतं? त्याच्यासाठी आमचं पातेलं. बायकांच्या पाळ्या लावण्याचं काम माझ्याकडे आहे.

मागच्या हिवाळ्यात मोठ्या शहरातून पाहुणे यायचं ठरलं. कशासाठी, तर आमचं हे सेवाकार्य बघायला. पंच कमिटी हरखून गेली. मंडप, हार, स्वागतगीत, सगळं ठरलं. जेवणाचं काय? कोठीत धान्य आहेच, रांधायला बायका आहेतच. मी सरळ सांगितलं, ते धान्य पाहुण्यांचं नाही. कमिटीचे सेक्रेटरी माझ्याच वर्गात बाराखडी गिरवलेले. ते हसून म्हणाले, "दोन दिवसानं काय बिघडते बाई? पाहुणे खुश झाले तं आपल्यालेच फायदा." चर्चचे पाळकसाहेब खाली बघत राहिले. त्यांना तेवढं छान जमतं.

त्या दिवसांत झरी जामणीकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, तरणी सून दवाखान्यात भरती होती. सिकलसेलचा आजार. रक्ताची एक पिशवी चढली होती, दुसरी यवतमाळहून यायची होती आणि ती चढल्याशिवाय पोरीचं काही खरं नव्हतं. सोबतीला फक्त सासू. आमचं पातेलं दिसलं की ती आधीच जर्मनची थाळी पुसून तयार ठेवायची.

पाहुणे आले आणि खिचडी बंद झाली. आमचं पातेलं घासूनपुसून मंडपात मांडलं होतं, त्याला झेंडूचा हारसुद्धा घातला होता. पाहुण्यांनी एकेक करून हातात डाव धरला आणि फोटो काढून घेतले. पातेलं रिकामं होतं. आत एकानंही डोकावून पाहिलं नाही. मी मागे पुऱ्या तळत होते आणि मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करत होते.

दुसऱ्या दिवशी मी मंडपात गेलेच नाही. घरच्याच तांदळाची कुकरभर खिचडी लावली आणि ऑटोने दवाखाना गाठला. त्या पोरीची खाट रिकामी होती.

नर्स म्हणाली, "काल संध्याकाळीच गेल्या बाई. किती थांबवलं, आयकलं नाही. अन् पिशवी आज आली."

कुकर तिथल्याच उशाशी बसलेल्यांत वाटायला नर्सच्या हवाली केला, पोडाचा पत्ता घेतला. चर्चची जीप मागितली, तर ती पाहुण्यांना नागपूरला सोडायला निघालेली. चर्चसमोर एका मुसलमान भाईचं गॅरेज आहे. त्याने माझं तोंड पाहिलं, शटर ओढलं, आपली गाडी काढली आणि म्हणाला, "बैठो बाई." कोण, कुठली, काहीही विचारलं नाही. कोळशाच्या ट्रकांची धूळ खात आम्ही पोडावर पोचलो.

पोरगी अंगणात खाटेवर पडली होती. ओठ पांढरे, डोळे पिवळे. माझा पारा चढलेलाच होता. मी म्हातारीवर ओरडले, "काहून आणलं हिले?"

"थे तिच्या ताटातलं अर्धं मले देये," म्हातारी म्हणाली. "बिमार माणसाचं कसं खाऊ? मी नाही खाल्लं तं थेही नाही खाये. मंग आणलं घरी." आणि वर माझीच समजूत घालायला लागली, "तुमच्या इथं पाव्हणे होते म्हणे. पाव्हण्यायले आधी वाढाच लागते बाई. तू राग नको धरू."

कोणावर धरू नको? मला तिथल्या तिथे रडू आलं, आणि ते रागाचंच होतं.

तिने आम्हा दोघांना बसवलं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वर मिरची. स्वतःचं ताट काही घेतलं नाही. टोपलीत भाकर उरलेली दिसत नव्हती.

"तू?" मी विचारलं.

"पाव्हणे जेवू दे अगोदर."

मी भाकर मोडली, अर्धी तिच्या हातात कोंबली आणि म्हटलं, "मी पाव्हणी नाही." ती जेवली, मगच माझ्या घशाखाली घास उतरला.

सुनेला गाडीत बसवताना तिने एकच विचारलं, "आता नेलं तं जेवण भेटन ना?"

"भेटन," मी म्हणाले.

दुसरी पिशवी त्याच संध्याकाळी चढली. मी दवाखान्यातून तडक चर्चवर गेले आणि कोठीला माझ्या घरचं कुलूप ठोकलं. कमिटी म्हणते, ही बाईंची दादागिरी आहे. आहेच. चावी माझ्या कमरेला असते आणि खिचडी एक दिवसही चुकलेली नाही.

परवा सेक्रेटरी घरी आले. पुढच्या महिन्यात आणखी पाहुणे येणार आहेत, कोठीची चावी पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, येऊ द्या. त्यांना दवाखान्यात घेऊन या आणि रांगेत शेवटी उभं करा. सगळे जेवल्यावर पातेल्यात जे उरेल, ते मी त्यांना माझ्या हातानं वाढीन.