सोंगणीतली हजेरी

त्या शनिवारी सकाळी दहावीच्या वर्गात डोकावले आणि दारातच थांबले. सगळी बाकं भरलेली होती. एरवी आनंद झाला असता, पण मागच्या बाकांवरच्या मुली मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. अंगावर आमच्याच शाळेचा गणवेश, पायात मात्र पॉलिश केलेले काळे बूट. आमच्या मुली चपलांवर येतात, त्याही कधी आईच्या.

पटपडताळणीला आलेले साहेब माझ्या खोलीत चहा पीत होते. आमची जिल्हा परिषदेची शाळा, धाड या मोठ्या गावाहून जीपने यावं लागतं अशा खेड्यातली. मुख्याध्यापकाची जागा रिकामी, म्हणून तो प्रभार माझ्या गळ्यात. साहेब वर्गात बसलेली मुलं मोजणार होते आणि पट भरला नाही तर दहावीचा वर्ग बंद होणार होता. मुलगे जीपने धाडला गेले असते. मुलींना कोणी पाठवलं नसतं. शेजारच्या गावचा वर्ग गेला तेव्हा तिथल्या पोरींची लग्नं लागताना मी पाहिली होती. अक्षता टाकून, जेवून आले होते.

पट काऊन घटला, असं गावात सगळे मलाच विचारायचे. शिक्षक नाही म्हणून निकाल पडला, निकाल पडला म्हणून ऐपतवाल्यांनी पोरं इंग्लिश शाळेत घातली, पोरं गेली म्हणून शिक्षक मिळाला नाही. घाण्याच्या बैलासारखं हे फिरत होतं, आणि सभेत बोलणी खायला मी.

व्हरांड्यात शाळा समितीचे अध्यक्ष उभे होते. गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. मी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, मागं बसलेल्या मुली कोणाच्या?"

"आपल्याच हायेत मॅडम. एक माही नात, बाकीच्या भावकीतल्या. धाडच्या शाळेले आज सुट्टी हाय त्यायच्या."

"आणि माझ्या मुली?"

ते आभाळाकडे पाहू लागले. "सोयाबीन सोंगून राह्यल्या. आभाळ आलं ना. भिजलं तं कोंब फुटतीन."

"कोणाच्या वावरात?"

"माह्याच."

सोंगणीला, म्हणजे कापणीला, आलेल्या पोरींकडून त्यांनी सकाळीच गणवेश मागून घेतले होते. आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे येणार असले की शेजारच्या खुर्च्या येतात, कपबश्या येतात, ओसरीवर बसायला दोन भारदस्त माणसंही येतात. घर भरलेलं दिसलं पाहिजे. काकांनी त्याच रीतीने शाळा भरली होती. मला भयंकर राग आला. त्याहून जास्त राग याचा आला की माणूस खरंच शाळा वाचवायला निघाला होता.

"ट्रॅक्टर पाठवा आणि त्यांना आणा," मी म्हणाले. "नाहीतर मी आत जाऊन साहेबांना सगळं सांगते."

"मॅडम, सोयाबीन उघडं पडेल हाय वावरात."

"सोयाबीन पुढच्या वर्षीही येईल. गेलेला वर्ग येत नाही."

त्यांनी फोन काढला. मी साहेबांना आणखी एक चहा पाजला, शौचालयं दाखवली, प्रयोगशाळेचं गंजलेलं कुलूप स्वतः उघडलं आणि आतल्या सांगाड्याबद्दलही जमेल तितकं बोलले. कान सगळे रस्त्याकडे लागले होते.

"मॅडम, आता वर्ग," साहेब म्हणाले.

ते मोजत मोजत मागच्या बाकांपाशी गेले आणि त्यांची नजर बुटांवर थांबली. त्यांनी काकांच्या नातीला विचारलं, "बेटा, गणित कोण शिकवतं तुम्हाला?"

"सर शिकवतात," ती चटकन म्हणाली.

आमच्या शाळेत गणिताला सर नव्हतेच, आणि ते साहेबांच्या कागदावरही होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता खोटं बोलावं तर नोकरी जाईल आणि खरं बोलावं तर वर्ग, असं झालं.

"या माझ्या नाहीत," मी म्हणाले. "माझ्या येत आहेत."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टर थांबला आणि ट्रॉलीतून पोरी उतरल्या. कोणाच्या अंगात बापाचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेले रुमाल, हातात विळे. विळे भिंतीशी ठेवून त्या दारात उभ्या राहिल्या.

"या मजूर बायका कोण?" साहेबांनी विचारलं.

मी हजेरी घेऊ लागले. माझ्या मुलींचा नंबर पुकारला की मागच्या बाकांवरून नव्हे, दारातून आवाज येई, "हजर."

साहेब दारातल्या सगळ्यात पुढच्या मुलीजवळ गेले. "गणित कोण शिकवतं?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"कोनीच नाही सर. आठवीपासून सर नाहीत. आमचं आमीच करतो."

साहेबांनी पेन पुन्हा उघडलं आणि दारापासून मोजायला सुरुवात केली. मला रडू आलं, ते मी फळ्याकडे तोंड करून आवरलं.

त्या वर्षी दहावी राहिली. गणिताचे सर अजून आलेले नाहीत.

साहेबांची गाडी गेल्यावर काका पोरींना पुन्हा ट्रॉलीत बसवायच्या घाईत होते. ती पुढची मुलगी मात्र बसली नाही. नववीपासून गणवेश ज्याचा त्याने विकत घ्यायचा असतो, तिच्याकडे तो एकच होता. ती काकांच्या नातीसमोर जाऊन उभी राहिली.

"माहा ड्रेस दे," ती म्हणाली. "सोमवारी मले शाळा हाय."