तिसऱ्यांच्या शोधनिबंधाची मूळ प्रत

जेवण झालंय, पंखा फिरतोय आणि मी आरामखुर्चीत डोळे मिटून विद्यापीठाच्या ग्रंथपालांवर संशय घेतेय. बेंद्रे नावाचे हे गृहस्थ महिनाभर फोन करतायत. विद्यापीठानं संशोधनाचं खुलं भांडार सुरू केलंय, खाडीतल्या तिसऱ्यांवरचा, म्हणजे त्या खायच्या शिंपल्यांवरचा, तुमचा शोधनिबंध त्यात द्या, म्हणजे कुणालाही घरबसल्या वाचता येईल. वर म्हणे, मासिकात छापलेली पानं नकोत, ती चढवायची परवानगी मासिक देत नाही; तुम्ही त्यांना पाठवलेली टाइप केलेली मूळ प्रत द्या. मूळ प्रतच का? इतकं गोड बोलणारा माणूस काहीतरी काढून घ्यायलाच आलेला असतो.

पंख्याचा आवाज लांब जातो. पायांना गार लागतं. बघते तर मी ग्रंथालयात उभी आहे आणि फरशीवर घोटाभर चिखल. कपाटांमधून तोरसकर सर येतायत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. सरांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. त्याआधी नऊ वर्षं आम्ही दोघांनी मिळून खाडीतल्या तिसऱ्या मोजल्या होत्या.

"काय नाबर, जेवलात?"

"जेवले. तुम्हाला बेंद्र्यांनी पाठवलंय ना?"

"कोण बेंद्रे?" सर हसतात. ते हसू बघून मला फार बरं वाटतं, म्हणून आणखीच शंका येते.

"मग कशाला आलात?"

"त्या विचारतायत." सर बोट दाखवतात. वाचनकक्षाच्या जागी खाडी आहे आणि बायका वाकून तिसऱ्या काढतायत. "सकाळभर वाकून अर्धी टोपली भरत नाही म्हणतात. बोटींचा धक्का बांधायच्या आधी किती मिळायच्या, ते कुणी लिहून ठेवलंय का? आपण लिहिलंय ना?"

"मासिकात आहे की."

"तिथं त्यांना कोण वाचू देतंय?"

आता आम्ही हॉस्पिटलात आहोत. सर खाटेवर, मी स्टुलावर, पायाखाली चिखल तोच.

"मूळ प्रत तुमच्याकडेच आहे ना?"

आले मुद्द्यावर! "तुम्हाला माझ्याबद्दल कुणी काही सांगितलंय का?"

"काय सांगायचंय?" चेहरा अगदी भोळा. मेलेल्या माणसानं इतकं भोळं असू नये.

प्रत माझ्या मांडीवर आहे. पहिल्या पानावर निबंधाचं शीर्षक, खाली माझं नाव आणि त्याच्या आधी एक पांढरा पट्टा. सर त्यावर बोट ठेवतात.

"हे काय?"

"व्हाइटनर."

"टाइप करताना चुकलं होतं?"

"नाही. तुम्ही गेलात आणि महिन्याभरात मासिकानं निबंध परत पाठवला. पंचवीस आक्षेप काढले होते. वर्षभर मी एकटी खपत होते, सर. वाटलं, सगळं मीच तर केलं. आणि तुम्ही काही विचारायला येणार नव्हतात."

"तेही खरंच. शेवटचं वर्ष तुम्हीच निभावलंत." सर खिडकीतून खाडीकडे बघतात. "झाकलंय ते झाकलेलं राहू द्या. आकडे तेवढे त्यांना द्या."

मला त्यांचा भयंकर राग येतो. मी जन्मभर सगळ्यांवर पाळत ठेवली आणि हा माणूस माझ्यावर साधं ओरडतही नाही. मी रडत रडत नखानं पट्टा खरवडायला लागते.

"अहो, कागद फाटेल!" सर म्हणतात.

जाग येते. चार वाजलेत. समोरचं कपाट सताड उघडं आहे आणि प्रत खरोखरच माझ्या मांडीवर. मी कधी उठले, काही आठवत नाही. पहिलं पान एका कोपऱ्यात फाटलंय, पण वाचता येतं: तोरसकर, नाबर. अंगठ्याच्या नखात पांढरा चुरा अडकलाय.

हात न धुताच मी बेंद्र्यांना फोन लावते.

"वा, मॅडम! लगेच नोंद करतो," ते म्हणतात. "लेखक तुम्ही एकट्याच ना? मासिकात तसंच आहे."

"मासिकात मी खोटं छापलं," मी म्हणते. "लिहून घ्या. आधी तोरसकर."