निळ्या शेल्याचं पान

निळूकाकांना निळूकाका हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते ठेवलं वाचकांनी, तेही कौतुकानं. आता कौतुकाची हाक माणसाला काट्यासारखी कशी बोचते हे ज्याला बघायचं असेल, त्यानं काकांना त्या नावानं हाक मारावी. हसायचे बिचारे, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

धंदा त्यांचा रंग भरण्याचा. एका छापखान्यातून दर महिन्याला महाबली वीरांच्या चित्रकथा निघायच्या. चित्रकार काळ्या शाईत चित्र काढी, काका ब्रशनं रंग भरत आणि मग पान जाई तपासनीस बाईंच्या टेबलावर. बाईंची नजर म्हणजे घारीची. मागच्या पानावर खलनायकाच्या कोटाला चार गुंड्या आणि या पानावर तीन, असलं काही त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. पान पसंत पडलं की कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीची एक वळणदार खूण. ती खूण नसेल तर पान यंत्रावर चढणार नाही, मग साक्षात मालक येऊन सांगोत.

एका दिवशी काकांच्या पुढ्यात दोन वीरांची पानं होती. एक समुद्रातला, त्याचा शेला निळा. दुसरा झंझावात, त्याचा शेला लालभडक. इतका लाल की आंधळ्यालाही कळावा. संध्याकाळ होत आली होती, झंझावाताचं एक पान रंगवायचं उरलं होतं आणि बाईंची लेक घरी तापानं फणफणली होती. काकांनी मोठ्या मनानं म्हटलं, बाई, तुम्ही निघा, एवढं एक पान मी दोनदा बघतो. बाई निघाल्या. काकांनी दोनदा राहू दे, एकदाही बघितलं नाही. हातातला ब्रश निळ्यात बुडालेला होता, तोच पुढे चालवला. मग बाईंच्या खणातून हिरवी पेन्सिल काढून कोपऱ्यात त्यांची खूणही स्वतःच करून टाकली. खूण इतकी हुबेहूब उतरली की स्वारी स्वतःवरच खूश झाली.

अंक बाजारात गेला आणि छापखान्यात बॉम्ब फुटला. बाराव्या पानावर लाल असलेला झंझावात तेराव्यावर निळा आणि चौदाव्यावर परत लाल. मालकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. काकांच्या तोंडून शब्द निघाले, "पान बाईंच्या टेबलावरून आलं होतं." मालकांनी पान बाईंसमोर धरलं. बाईंनी शेला बघितला, मग कोपरा बघितला. बराच वेळ बघितला. "खूण माझीच आहे," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची रिकामी झाली. काका मनात म्हणाले, उद्या खरं सांगून टाकू. पण ते उद्या काही उजाडलं नाही.

पुढची गंमत ऐका. वाचकांची पत्रं आली. कुणीतरी विचारलं, हा निळा झंझावात दुसऱ्या एखाद्या जगातला आहे का? मालकांनी मांडीवर थाप मारली. झालं, दुसरं जग जन्माला आलं. त्या जगात झंझावाताची आई पुरात वाहून गेलीच नव्हती. तिथला झंझावात आईची बोलणी खाऊन, निमूट ताट घासून मग राक्षसांशी लढायला जायचा. लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि त्याला निळा करणाऱ्याचं नाव निळूकाका ठेवलं. मग काय, प्रत्येक चुकीला एकेक जग मिळालं. चित्रकाराच्या हातून सहा बोटं काढली गेली, तिसरं जग. लेखकानं मेलेला मामा लग्नात नाचवला, चौथं जग. शिपाई अकराला उगवला की म्हणायचा, त्या जगात मी नऊलाच आलोय, इथं घड्याळ चुकलंय.

आणि मालक येईल त्याला रंगवून सांगू लागले की, अहो, काकांनी मुद्दाम निळा भरला, आणि आमच्या बाईंना पत्ताच नाही! लोक खो खो हसत. काकाही हसत. असं पंचवीस वर्षं हसले. मनातल्या मनात त्यांनीही आपलं एक दुसरं जग केलं होतं. तिथं रांगेतून ते एक पाऊल पुढे येत आणि खरं बोलून मोकळे होत. पण जेवायला-झोपायला माणसाला याच जगात परतावं लागतं, आणि परतले की घास गोड लागायचा नाही.

मालक गेले, त्यांची लेक मालकीण झाली. दुसऱ्या जगाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिनं विशेषांक काढायचा ठरवला आणि काकांना कामगिरी दिली. बाईंना शोधा, फोटो आणा. खाली छापू, 'यांच्या नजरेतून एक अख्खं जग निसटलं.' बाईंनाही गंमत वाटेल, म्हणाली.

बाई तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होत्या. काकांना बघून त्यांना आनंदच झाला. अख्ख्या दुनियेत त्या एकट्याच त्यांना जुन्या नावानं हाक मारणाऱ्या उरल्या होत्या. "या रंगवाले," म्हणाल्या. खुर्चीवरचे कपडे बाजूला केले, पाणी दिलं. फोटोचं ऐकल्यावर म्हणाल्या की छापा की, चूक माझीच होती. मग सहज बोलावं तसं सांगू लागल्या. त्या दिवसानंतर तपासणीचं काम त्यांनी कुठेच धरलं नाही. साधं पत्र लिहिलं तरी लेकीला वाचायला लावून मगच पाकिटात घालतात. बसवरचा नंबर दिसतो, तरी शेजारच्याला विचारून घेतात.

"डॉक्टरांना डोळे दाखवले. ते म्हणाले, ठणठणीत आहेत. म्हटलं, मग दोष डोक्यात असणार."

काकांनी पेला खाली ठेवला. धरणीनं पोटात घ्यावं असं माणूस म्हणतो, पण तिसऱ्या मजल्यावर धरणी कुठली?

"बाई, ते पान तुमच्याकडे आलंच नव्हतं."

"खूण होती माझी."

"ती मी केली. तुमच्याच पेन्सिलीनं."

बाई उठल्या. आत गेल्या. आत भांडं वाजलं नाही, नळ वाजला नाही, काहीच वाजलं नाही. त्या भांडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. बऱ्याच वेळानं आल्या त्या कागद आणि पेन घेऊन.

"लेकीला ताप होता, तोच दिवस?"

"तोच."

"लिहा. फोटोऐवजी हे छापा."

काकांनी लिहिलं. घाम पुसत पुसत अर्धं पान लिहिलं. बाईंनी कागद घेतला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचला. बोट शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबलं.

"इथं खुणेचं राहिलंय."

"तेवढं असू द्या ना, बाई."

"रंगवाले, ब्रश कुणाचाही चुकतो. मला घरी बसवलं ते त्या खुणेनं."

काकांनी ती ओळ घातली. अक्षर पोरासोरासारखं आलं. निघताना दारात त्यांनी विचारलंच, माफ केलंत का? बाई म्हणाल्या, "ते आज विचारू नका. आधी छापून येऊ द्या."

मालकीणबाईंनी नाक मुरडलं, पण काका हटून बसले तेव्हा छापलं. आणि वाचक म्हणजे वाचकच. पत्रांचा ढीग पडला. वा काका, हा खोटारडा काका कितव्या जगातला? पाचव्या की सहाव्या? मालकीणबाई खूश. म्हणाल्या, उत्तर देऊच नका, गूढ राहू द्या. काकांनी ढीग पिशवीत भरून घरी नेला आणि एकेका पत्राला उत्तर लिहायला बसले. याच जगातला. पान मी बिघडवलं, खूण मी केली, नाव बाईंचं गेलं. दर वेळी सगळं लिहायचं आणि दर वेळी मान नव्यानं खाली जायची.

त्यातल्या एका पोरीनं उलट टपाली विचारलं, मग बाईंना परत बोलावलं का?

या पत्राचं उत्तर काकांच्या हातात नव्हतं. सकाळी ते पत्र घेऊन ते मालकीणबाईंच्या खोलीत गेले, टेबलावर त्यांच्यासमोर ठेवलं, आणि कुणी 'बसा' म्हणायची वाट न बघता खुर्ची ओढून बसले.