हमीदाबाईंचं इरलं

बाईंवर लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, लिहिण्याचा सराव नाही. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण ज्यांनी लिहायला हवं होतं ते गप्प आहेत...

अकोले तालुक्यातल्या आमच्या डोंगरगावात हमीदाबाई शाळा चालवत. लहान मुलांसाठी त्या चित्रांचं आणि यमकांचं पुस्तक करत होत्या. त्यांची रीत अशी, की चित्र आधी काढायचं, वर्गापुढे धरायचं आणि पोरं जे नाव देतील तेच खाली घालून ओळी जुळवायच्या. एकदा त्यांनी वाकून भात लावणारी बाई काढली, पाठीवर पानांनी शाकारलेला कामट्यांचा सांगाडा. मी हळूच म्हणालो, इरलं. दुसऱ्या दिवशी चित्राखाली लिहिलेलं होतं:

पाऊस पडे वर, इरलं पाठीवर,
आई लावी भात, मोकळे दोन्ही हात.

ते पान मी घरी नेलं. आईला वाचता येत नव्हतं. खालच्या अक्षरांवर बोट ठेवून तिनं विचारलं, "आपलं इरलं? कागदावर?"

पुस्तक शाळांत लागायला मंजुरी हवी होती. तपासायला आलेल्या साहेबांना चित्रं आवडली, शब्द गावंढळ वाटले. इरल्याच्या जागी छत्री करा, म्हणाले. बाईंनी विचारलं, "साहेब, एका हातात छत्री धरून भात कसा लावायचा?" आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत.

मंजुरी राहून गेली. एका शब्दासाठी कशाला अडता, म्हणून गावातल्या मोठ्यांनी बाईंना समजावलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हा शब्द पोरानं दिलाय. तुझ्या आईच्या पाठीवरचं खोटं आहे, असं त्याला सांगू?" महायुद्धामुळे कागद मिळेना, तेव्हा किराण्याच्या खाकी पुड्या उलगडून त्यांनी सगळं पुस्तक पुन्हा काढलं आणि शाळेच्या भिंतीवर चिकटवलं.

पुण्याच्या वसतिगृहात माझ्या तोंडून इरलं निघालं तेव्हा मुलं हसली. मी पुन्हा म्हणालो, सावकाश.

मध्यंतरी चुलतभाऊ तांदूळ घेऊन आला. गाठोडं ठेवून म्हणाला, "बाई गेल्या रं. म्हैना झाला. नव्या मास्तरानं भित्तीवरची पानं बी काढली."

मग पोरं काय करतात, मी विचारलं.

"पोरं व्हय? मोकळ्या भित्तीम्होरं हुबी ऱ्हात्यात अन् पानामागं पान म्हनत्यात. इरल्याचं लई मोठ्यानं."