दोन कडांचा रुपया

वाचनालयातल्या छंद-प्रदर्शनाला दोनच दिवस उरले होते. मैत्रिणीने टेबलाची मधली जागा एका रुपयासाठी राखली होती. पडघ्याच्या बाजारात सुट्ट्यात मिळालेला रुपया, अक्षरं दुहेरी दिसणारा. पाटीही लिहून तयार : ‘डबल डाय’, म्हणजे ठशातच दोष असलेलं दुर्मीळ नाणं. तिचं हे पहिलंच प्रदर्शन.

“नक्की?” तिच्या घरी बसून मी विचारलं.

“बघ ना! सगळी अक्षरं एकाच बाजूला सरकलीत. रिपीट येतोय, म्हणजे दोष कार्डातच.”

त्यांचे लूम आहेत, कापड विणणारे यंत्रमाग. कापडावर तोच दोष ठरावीक अंतराने येत राहिला, म्हणजे रिपीट झाला, तर नक्षी ठरवणाऱ्या कार्डातलं भोक चुकलेलं. एकदाच आला, तर धागा तुटलेला. मलाही पटलं. मग आमच्या घरी मोर्च्यांसाठी छापली जाणारी पत्रकं आठवली. छापताना कागद हलला, तर त्या एका पत्रकावरची सगळी अक्षरं दुहेरी होतात, पुढचं पत्रक स्वच्छ निघतं. छपाईचा ब्लॉकच दुहेरी असेल, तर अख्खा गठ्ठा तसा.

“अगं, पूर्ण नाणं म्हणजेच एक रिपीट,” मी म्हणाले. “पुढचा रिपीट दुसऱ्या नाण्यावर.”

“आली भाषणवाली! दुसरा कुठून आणू आता?”

“भिंग आण.”

डबल डायमध्ये ठसा घडवतानाच अक्षर त्यात दोनदा बसतं, जरासं सरकून. मग नाण्यावर दोन्ही अक्षरं उठावदार येतात, टोकांना खाच दिसते. ठसा ठीक असून नाणं पाडताना हलला, तर अक्षराची कड दबून सपाट होते, पायरीसारखी.

ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली. “पायरीच आहे गं.”

तिचे अब्बा दारातून हसले. “राहू दे ना बेटा. भिंग घेऊन कोण येतंय इथं?”

“कोणी येत नाही म्हणून खोटं लिहायचं, चाचा?” मी उसळलेच.

“अब्बा, डागी तागा फ्रेश माल म्हणून पाठवता का तुम्ही?” तिने विचारलं.

“तौबा! दोघी मिळून मोर्चाच काढा आता माझ्यावर.”

तिने पाटी फाडली. नवी लिहिली : ‘हा डबल डाय नाही. का, ते स्वतः बघा.’ आणि लुमाच्या सुताने भिंग टेबलाला बांधलं.

प्रदर्शनात नाणं बघायला येणारे लोक थोड्याच वेळात स्वतःचे खिसे उलटे करू लागले. दापोड्याच्या गोडाऊनमधला एक हमाल आपला रुपया भिंगाखाली धरून ओरडला, “ताई, ही खाच हाय का पायरी?”

आम्ही दोघी एकदमच वाकलो.